सासूच्या वाटणीची भाकरी

सर्व्हेच्या कामात काय काय ऐकायला मिळतं म्हणता, तर नेसरीतलं एक घर सांगतो. रेशनचं धान्य घरात सगळ्यांना पुरतं का, हे विचारत मी फिरत होतो. दिवेलागणीला त्या घरी गेलो. घरचा मुलगा कामावर होता. म्हातारी सासू उंबऱ्याशी बसली होती आणि आत तिची ओली बाळंतीण सून भाकरी थापत होती.

मी विचारलं, "आजी, धान्य कमी पडलं म्हणून घरात कुणी उपाशी राहतं का?"

तिनं आवाज खाली आणला. "सुनंला सांगू नका, पावणं. रातचं मी जेवत न्हाय. भूकच न्हाय म्हणून सांगते."

"का हो?"

"रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटंना, म्हणून माझं धान्य बंद झालं. मग बाळंतिणीच्या वाटणीचं मी कसं खाऊ?"

आतला थापण्याचा आवाज थांबला. सून पिठाच्या हातांनीच ताट घेऊन बाहेर आली आणि सासूसमोर मांडी घालून बसली. डोळे भरलेले, आवाज मात्र खणखणीत.

"आत्ती, धान्य येत असंल अंगठ्यावर. भाकरी मी थापते. ती कुणाच्या वाटणीची, ते मी ठरवणार. जेवा माझ्यासमोर."

म्हातारीनं तुकडा मोडून तोंडात घातला. पुढं खटपट करून आम्ही तिचं धान्य परत सुरू करून घेतलं, ते सोडा. त्या संध्याकाळी मी पुढचा प्रश्न काढला, तर म्हातारी भरल्या तोंडानंच ओरडली,

"थांबा की, पावणं! आधी जेवू द्या की!"