जागची हलणार नाही!

...आणि वर तोंड करून मलाच विचारतो, "पण भावजी, मोटर हलली का?" कोण काय विचारता, मेहुणा! बायकोचा सख्खा धाकटा भाऊ!

थांबा, आधी गुडघा ऐका. माझा, डावा. बावीस वर्षं सायकलनं चढ चढून ऑफिसला जातोय, आणि डॉक्टर एक्सरे बघत म्हणतात, "चढावर पायडल मारणं बंद!" झालं! बायको लगेच, "अहो, माझ्या स्कूटरवर मागे बसा ना, सोडते की!" मागे? अख्ख्या ऑफिसच्या खिडक्यांसमोरून, बायकोच्या मागे? म्हटलं, त्यापेक्षा सायकलला मोटर बसवीन! तर मेहुणे हजर. घरातला साधा खिळा ठोकताना भिंत खाली आणणारे आमचे मेहुणे! "भावजी, माझ्यावर सोडा. जागची हलणार नाही!"

मोटर फ्रेमच्या खालच्या दांड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळायची. पट्ट्या मोठ्या, दांडा बारीक. "मध्ये जुनी ट्यूब कोंबू!" कोंबली. मेहुणा पान्याला लोंबकळला, हिसके दिले... "बघा, हलणार नाही!" मी बसलो, कळ दाबली, आणि तुम्हाला सांगतो, मोटरनं चाक फिरवायचं सोडून स्वतःच दांड्याभोवती गर्रकन गिरकी घेतली आणि माझ्या नडगीवर आदळली! उजव्या हो, उजव्या! डाव्या पायाला एकटं वाटायला नको ना!

"ट्यूब बुळबुळीत निघाली," मेहुणे म्हणाले. चूक ट्यूबची! मग म्हणे दांड्याला आरपार भोक पाडू, बोल्ट घालू... भोक? चढावर फ्रेम मोडली तर रस्त्यावरून दात कुणाचे गोळा करणार? शेवटी सायकल उचलून, मेहुण्यांसकट गेलो वेल्डरकडे. वेल्डर म्हणजे मोजून बोलणारा माणूस. मी वैतागलेलो, नडगी ठणकतेय, तावातावानं सांगितलं, "हे बघा, काही म्हणजे काही हलता कामा नये!"

"काहीच?"

"काहीच!"

विचारलं होतं हो त्यानं! मीच शहाणा, मान डोलावून चहाला गेलो.

परत आलो तर काय काम! मोटरखाली जाड पत्रा, पत्रा दोन्ही दांड्यांना जोडलेला, हत्ती बांधा! मला तर भरून आलं, खरंच सांगतो. बसलो, कळ दाबली... घुर्रर्र! मोटर ओरडतेय, मी पुढे वाकलोय, आणि सायकल तिथंच! वेल्डर शांतपणे म्हणतो, "पायडलचा दांडा पण डुगडुगत होता. तोही फ्रेमला जोडून टाकला." अरे बाबा, चेन त्यावरच फिरते! मोटर ओढणार काय, तुझं डोकं? "तुम्हीच म्हणालात, काहीच नको!" आणि मेहुणे मोटरवर हात फिरवतायत, नव्या जावयाच्या पाठीवर फिरवावा तसा... "पण भावजी, मोटर हलली का?"

नाही हलली!

आज सकाळी गेलो ऑफिसला. स्कूटरवर. मागे. सगळ्या खिडक्या उघड्या, शिपायानं तर सलामच ठोकला, मला नाही, बायकोला! आणि ही पुढून ओरडते, "अहो, चढ आलाय, घट्ट धरा, आणि हलू नका हं!"

म्हटलं, चालव तू. माझंही वेल्डिंग झालंय.