कोवळी मुले, मीठ चोळून

हॅलो?

हां, बोल. हळू बोल गं, आत्ताच झोपलंय पिल्लू... खांद्यावरच आहे. खाली ठेवलं की टक्क डोळे उघडतं. एका हाताने याला थोपटतेय, एका हाताने कढईतलं हलवतेय, तुला मानेत धरलंय... अगं मुळेच. थंडीत दुसरं काय? सदर लिहायचं म्हणून महिनाभर घरात मुळे चाललेत. नवऱ्याने तर डबा न्यायचं सोडलंय.

काय? अंक आला? आणि हे तू आत्ता सांगतेस? माझं छापलंय ना? नाव बरोबर आहे? फोटो?... मग असा रडका आवाज का काढतेस?

थांब, गॅस बारीक करते. हां. वाच.

नाही, तूच वाच. उपसंपादक तू आहेस. वाचायचाच पगार घेतेस.

"हिवाळ्यात बाजारात कोवळी मुले ढिगाने येतात."

...काय येतात?

परत वाच... मुले? मुळे नाही? ळ नाही, ल?

अगं बाई! पुढे?... "घेताना वाकवून पाहावीत. कट्कन मोडतील तीच ताजी." अरे देवा. नको वाचूस... नाही, वाच, वाच. "माती धुऊन, शेंडे छाटून, अंगाला मीठ चोळून अर्धा तास निथळत ठेवावीत, म्हणजे त्यांचा उग्रपणा जातो."

नाही, हसत नाहीये. पिल्लू हलतंय म्हणून आवाज तसा येतोय... बरं, हसतेय. पण घाम फुटलाय गं मला.

"जून मुले आतून पोकळ निघतात."

हे मात्र खरं आहे हं. सासूबाईंचं एक आमच्याकडे आहे.

असं कसं म्हणजे? बोलून लिहिलं! आपण बोलायचं आणि फोन लिहितो ना, तसं. मला हात कुठे मोकळे असतात? याला मांडीवर झोपवत, कुजबुजत 'मुळे' म्हटलं, त्या फोनने 'मुले' ऐकलं. आणि पाठवायच्या आधी हे उठलं. मग कुठलं वाचून बघतेय?

पण थांब. थांब हं. मी 'कोवळे' म्हटलं होतं. कोवळे मुळे. त्याचं 'कोवळी' कोणी केलं?

...तू?

'कोवळे मुले' व्याकरणात बसत नाही म्हणून? अगं शहाणे, तुला व्याकरण दिसलं आणि पोराच्या अंगाला मीठ चोळलेलं दिसलं नाही?

बरं, बरं... रडू नकोस. मी काय कमी आहे का? मी तर आई आहे, तरी पाठवून मोकळी झाले. सांग, वाचकांचे फोन आलेत? रागावलेत खूप?

काय विचारतात?

"मुले न मिळाल्यास गाजर चालेल का?"

...हो चालेल की. म्हणजे... अगं पण कोणी काहीच बोललं नाही? आणखी?... "घरात आम्ही दोघंच, तर किती मुले पुरतील?" कुणी विचारलं हे? नवीन लग्न झालेली असणार... आणि एका निवृत्त मास्तरांनीही लिहिलंय? त्यांना तरी कळलं? 'लवचीक'ची वेलांटी! वेलांटी चुकली म्हणून आख्खं पान लिहून पाठवलंय? आणि संत्र्याच्या रसात मंद आचेवर मुलं शिजतायत, ते त्यांना चाललं?

आमच्याकडेही तेच असणार बघ. सासूबाई सकाळी शेजारणीकडे गेल्यात, 'सुनेचं छापून आलंय' म्हणून. मला वाटलं, मागच्याच अंकाचं कौतुक चाललंय अजून. अजून कोणी काही म्हणायला आलं नाही, म्हणजे तिथेही गाजरावरच चर्चा चालू असेल.

मग झालं तर! कोणाला कळलंच नाही तर तू रडतेस कशाला?

कोणाला कळलं?

डॉक्टरांना... मुलांचे डॉक्टर? समोरच्याच पानावर लिहितात ते?... हो का. "शिशूंची हिवाळ्यातील काळजी," आणि समोर आमची कढई.

काय म्हणाले?... "एक तर त्या बाई लिहितील, नाही तर मी."

आणि संपादकसाहेब आज ठरवणार? आज म्हणजे आजच? म्हणजे माझं सदर... हो, कळलं. डॉक्टर मोठे. कळलं गं.

नाही, काही नाही... नाही रडत, धूर आहे.

ऐक ना. हे झोपतं ना दुपारचं, तेवढाच वेळ माझा असतो. कपड्यांचा डोंगर पडलेला असतो, पडू दे. भांडी वाट बघत असतात, बघू देत. मी लिहायला बसते. मुळ्याबद्दल का असेना. दिवसभरात माझ्याशी मोठ्या माणसांचं बोलणं म्हणजे 'जेवलं का ते?' आणि 'झोपलं का ते?' त्या कागदावर मी पूर्ण वाक्यात बोलते गं. ते गेलं तर दुपारी मी काय, घड्या घालू?

बरं, ऐक. वेबसाइटवर अजून तसंच आहे? मग ते तरी सुधार. म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल... हो, 'मुले' शोध आणि तिथे 'मुळे' घाल. येतं ना एका झटक्यात?... झालं? इतक्यात?

किती ठिकाणी बदललं म्हणतोय?

एवढे मुळे मी घातलेच नव्हते. कुठल्या लेखात केलंस तू हे?

...सगळ्या अंकात?

डॉक्टरांचं उघड. लवकर. वाच... "थंडीत मुळे रात्री उठून रडतात. अशा वेळी त्यांना रागावू नये, छातीशी धरावे."

छातीशी...

नाही, मी हसत नाही! "मुळे हट्टी होण्यामागे पालकच असतात"? अगं, पालक! मुळ्याच्या मागे पालक! आख्खी भाजीमंडई केलीस त्यांची. उलटं कर. आधी उलटं कर!

नाही! तसं उलटं नाही, थांब... 'मुळे'चं 'मुले' केलंस? परत सगळ्या अंकात?... काय झालं? "थंडीमुले." "त्यामुले." "वाऱ्यामुले सर्दी होते हा गैरसमज आहे."

बाई, कीबोर्डवरून हात काढ. दोन्ही. मांडीवर ठेव.

कोण आलं? साहेब?... तुझ्या मागेच उभे आहेत? मग मघापासून बोलत काय होतीस!... दे. त्यांना दे फोन. दे म्हणते ना.

नमस्कार साहेब... हो, मीच ती. मुळ्यांची.

नाही साहेब, तिची चूक नाही. ती बिचारी व्याकरण बघत होती. शब्द माझ्याकडूनच तसा आला... माझ्या फोनकडून... हो, म्हणजे माझ्याकडूनच.

एक विचारू? छापायला जायच्या आधी शेवटचं कोण वाचतं?... तुम्ही. अक्षर न् अक्षर. हो, तुमची ख्याती आहे तशी.

आवडलं होतं? काय सांगता... घरी करूनही बघितलं? बाईसाहेबांनी?... मीठ जास्त झालं? पाणी नीट पिळून काढलं नसेल, साहेब. निथळल्यावर पिळायचे असतात... मुळे. मुळेच म्हणतेय मी.

...हो. डॉक्टरांचं कळलं मला.

काय म्हणालात? फोनच लिहितो, मग पाककृतीही फोनलाच विचारू?

विचारा की. सांगेल तो. पण साहेब, त्याने गार पाण्यात हात घालून मुळे धुतलेत का कधी? कडू निघालेला मुळा गुपचूप स्वतःच्या ताटात घेतलाय का? त्याला मुळा आणि मूल यातला फरकसुद्धा कळत नाही. मला कळतो. एक कडेवर असतं, एक कढईत असतो. निदान तेवढ्यासाठी तरी मला ठेवा.

...हाताने लिहून? देईन की. कागदावर, सुवाच्य... तुम्ही स्वतः वाचणार. परत. बरं... आणि डॉक्टरांना? "तांत्रिक कारणामुळे" असं छापणार? चालेल ना. फक्त तो शब्द जरा... 'कारणामुळे'. ळ, साहेब. कमळातला ळ. मघाशी तिकडे काय झालंय ते विचारा तिला. रागावू नका पण.

पुढच्या अंकात? ताजे मटार, साहेब. मटारचं दुसरं काही होत नाही...

अरे अरे, उठलास का रे राजा? उगी, उगी... ठेवते साहेब. मूल उठलं...

नाही नाही, मूल. ल. लसणातला ल.