गरम रसाचं रीडिंग

घरी बिअर करणं सोपं आहे यार, सासऱ्यांपासून ती लपवणं अवघड. मागच्या समरमध्ये ते आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आले होते आणि मी गॅरेजमध्ये गुपचूप माल्टचा रस उकळला होता. त्यात साखर मोजायचा हायड्रोमीटर सोडला, तर तो पार खाली गेला. म्हणजे साखर कमी, बिअर पाणचट होणार. वैतागून सगळं ओतून द्यायला पातेलं उचललं, तर दारात सासरे.

"थांबा जावईबापू. रस गरम आहे ना?"

"हो बाबा."

"गरम रसात हा कमीच दाखवतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं हेच केलंय मी."

त्यांनी उंच ग्लासभर रस बर्फात ठेवून थंड केला, हायड्रोमीटर गोल फिरवून बुडबुडे झटकले आणि वाकून डोळा थेट रेषेशी नेला. रीडिंग रेसिपीतल्यासारखंच, तंतोतंत. रस कशाचा, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

महिन्याभराने पहिली बाटली उघडली. बिअर फक्कड झाली होती. तेवढ्यात सासरे ग्लास घेऊन हजर. बायको बघतच राहिली, "बाबा, तुम्ही?"

ते शांतपणे म्हणाले, "लॅबचा नियम आहे. रीडिंग ज्याचं, सँपल त्याचं."