बिनमाणसाच्या दुकानातल्या बाटल्या

मी, बियाकथांगी, वय ५४ वर्षे, धंदा द्राक्षशेती, राहणार खुआंगथार, मिझोराम. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलीसोबत राहते. आमच्या डोंगरउतारावर द्राक्षं होतात. त्यांची दारू करणं पूर्वी गुन्हा होता. माझा नवरा त्यापायी दोनदा आत जाऊन आला. तो आता हयात नाही. यंदा राज्याने कायदा बदलला आणि घरच्या द्राक्षांची दारू विकायचा परवाना मला मिळाला. तो मी येशूच्या तसबिरीखाली लावला आहे.

सडकेलगत माझं बांबूचं दुकान आहे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिथे कोणी बसत नाही. गिऱ्हाईक भाजी उचलतं, पैसे डब्यात टाकतं. काल मी भोपळ्यांशेजारी बाटल्या मांडल्या आणि मळ्यात गेले. गिऱ्हाइकाचं वय बघून बाटली त्याच्या हातात द्यायची, अशी परवान्याची अट आहे. ती मी वाचली होती. पण त्यासाठी दुकानात बसावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गावात दारूवर नजर ठेवणारा स्वयंसेवक रोह्मिंगलियाना याने त्या बाटल्या उचलून ठाण्यात जमा केल्या. मी मांडल्या होत्या त्यांत एक कमी भरली. ती एखाद्या पोरानेच नेली, असं त्याचं म्हणणं. आज मला बोलावणं आलं. पोराने नेली असेल तर परवाना गेलाच म्हणून समजा, असं साहेबांनी सांगितलं. मळा विकावा लागेल, एवढंच मी बोलले.

तेवढ्यात चर्चचे ज्येष्ठ पंच ह्रांगछुमा आत आले. गावसभेत परवान्याला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच होता. त्यांनी कोटातून बाटली काढून टेबलावर ठेवली. ती अर्धी रिकामी होती.

"मी नेली. पैसे डब्यात टाकलेत. वय एकोणऐंशी, हवं तर तपासून घ्या."

साहेब म्हणाले, "आजोबा, तुमचा तर विरोध ना?"

"आहेच. चाखल्याशिवाय विरोध तरी कसा करू? पण गावच्या पोरांवर आळ नको."

साहेबांनी मला ताकीद दिली, परवान्याविरुद्ध वर काही कळवणार नाही म्हणाले. रोह्मिंगलियानाने बाटल्या स्वतःच माझ्या पाटीत भरल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

उद्यापासून बाटल्यांपाशी मी स्वतः बसेन. भोपळ्यांपाशी कोणी बसणार नाही.

हा जबाब मला मिझो भाषेत वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) बियाकथांगी