नाण्याएवढी जागा

—नाही नाही, दुखलं-बिखलं काही नाही ना, मीच थांबले जरा. कात्री बोथट झालीय, दुसरी घेते. तुम्ही मान अशीच ठेवा, हनुवटी खाली. हं. ताई, एक विचारू का — मागे, मानेच्या वर, आत्ता माझं बोट आहे तिथं, खाज वगैरे येते का? नाही ना. वाटलंच मला. नाहीच येत, मलाही नव्हती आली. थांबा, हात नका नेऊ मागे, कापलेले केस आहेत, बोचतील. सांगते ना. सांगायचंच आहे म्हणून तर थांबले, कात्री कसली बोथट, परवाच आणलीय. एक जागा आहे तिथं. छोटी, नाण्याएवढी. केस नाहीत, कातडी अगदी गुळगुळीत. बाकी तुमचे केस इतके दाट की तुम्हाला कळणार तरी कसं, आणि स्वतःच्या मानेमागे बघतं कोण? चाई म्हणतात याला. घाबरायचं काही नाही — असं मीच म्हणतेय आणि कात्री मीच खाली ठेवून दिलीय.

हळू बोलते हां, बाहेर बाकावर त्या बाई बसल्यात. तुम्ही आल्या आल्या म्हणालात ना, किती छान केस आहेत हो तुमचे, काय लावता — काही लावत नाही, रात्री काढून खुंटीला अडकवते. विग आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. म्हणजे, का ते माहीत आहे मला. तुमची ती जागा बघितली ना, म्हणून. माझीही एवढीच होती. नणंद केस रंगवून देत होती, तिला दिसली, कानाच्या वर. म्हणाली, वहिनी, इथं रंगानं भाजलं का गं? मी म्हटलं असेल. दिवसभर दुसऱ्यांची डोकी बघणारी बाई मी, आणि स्वतःच्या डोक्याबद्दल म्हणाले, असेल. मग सासूबाईंनी कांद्याचा रस लावला, शेजारणीनं लसूण चोळायला सांगितलं, डोळ्यांत पाणी यायचं आणि गिऱ्हाइकं नाक मुरडायची. तोवर दुसरी जागा निघाली, मग तिसरी. सकाळी उशी बघायचं धाडस व्हायचं नाही, ह्यांना सांगायचे, तुम्हीच आधी उठा आणि अभ्रा झटकून टाका. संध्याकाळी इथं केर काढायचे ना, तर लोकांच्या केसांच्या ढिगात माझे कुठले ते शोधत बसायचे. वेडीच झाले होते म्हणा ना.

आणि काय केलं पुढे, डॉक्टरकडे गेले? नाही गेले. मंडईच्या मागे एक जण बसायचा, पात्यानं ती जागा खरवडायचा आणि वर कसलीशी पूड चोळायचा. चौघींचे केस आले म्हणे. माझी कातडी जळली. पू झाला, ताप आला, तो गाशा गुंडाळून पसार. तिथं आजही केस नाहीत, येणारही नाहीत — चाईनं नाही हो, त्या पुडीनं ती जागा मारली. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, कुणी काहीही चोळायला सांगेल, ऐकू नका. माझ्या भुवया गेल्या तेव्हा मी पेन्सिलीनं काढायला लागले. एक बाई, वर्षानुवर्षं माझ्याकडे यायच्या, त्यांनी एकदा माझ्या भांगाकडे बघितलं, मग कंगव्याकडे बघितलं आणि खुर्चीतून उठल्या. लागण होईल वाटलं त्यांना. नाही होत. चाईची लागण होत नाही, तुमच्यासाठी वापरला तो कंगवा मी आत्ता माझ्या डोक्यातून फिरवीन — म्हणजे, डोक्यात काही असतं तर.

शेवटी ह्यांनीच ओढून नेलं. कातडीच्या डॉक्टर, बाईच आहेत, बारीकशा, हळू बोलणाऱ्या. भिंगातून एकेक जागा बघितली, रक्त तपासायला सांगितलं, आणि मग खुर्ची जवळ ओढून समजावलं. म्हणाल्या, शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांचीच गफलत होते, केसांच्या मुळांना परकं समजून त्या त्यांच्यावरच चालून जातात. तुम्ही काही चुकीचं खाल्लं नाही, लावलं नाही, तुमचा काही दोष नाही. मुळं मेलेली नाहीत, झोपलीयत. त्यांचं ते ऐकून मी तिथंच रडले, कारण तोवर प्रत्येकानं मलाच विचारलं होतं की काय केलंस बाई तू? मग सुया. बारीक असतात, कातडीच्या आत थेंब थेंब औषध सोडतात, डोक्याची कातडी ताणलेली ना, कळ उठते. पण एका जागी लव आली हो, पांढरी, पिल्लाच्या अंगावर असते तशी. नंतर काळी झाली. दुसऱ्या बाजूची आली आणि परत गेली. असंच असतं म्हणाल्या, येतं, जातं, कुणाचं आपोआप सगळं भरून येतं. ताई, तुमची तर एकच जागा आहे, लगेच दाखवलीत तर — खरंच सांगते, लगेच जा. उद्याच जा.

तिथून निघताना मी विचारलं, मुलांना होतं का हे? त्या म्हणाल्या, होतंच असं नाही, बहुतेकांना होत नाही. झालं. तेवढं ऐकून माणसानं घरी यावं की नाही? मी त्या ‘बहुतेक’वर अडकून बसले. माझी मुलगी, ठमी म्हणतो आम्ही, पाचवीत आहे. दर सुट्टीला मी तिला खिडकीत बसवते आणि डोकं बघते. उवा बघते म्हणून सांगते. एकदा म्हणाली, आई, तू माझ्याशी बोलतेस की माझ्या डोक्याशी? हसले मी. आणि या आठवड्यात वेणी घालताना, डाव्या कानामागे —

काही नाही. हेअरबँड घासला असेल. त्यावरून केस ओढून घेतले आणि बांधून टाकले. रुंद बँड आणलेत आता. ह्यांना बोलले नाही, सासूबाईंना नाही. काय म्हणालात? नाही, दाखवलं नाही अजून. शाळा असते तिची. डॉक्टर पण — नाही, डॉक्टर रोज असतात, त्यांचं काही नाही. मुलांना म्हणे आधी मलमच देतात, सुया नाहीत, तेही माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. तुम्हाला इतकं घडाघडा सांगितलं ना, उद्याच जा, उशीर करू नका. पण ते भिंग तिच्या कानामागे जाईल आणि त्या मान वर करून माझ्याकडे बघतील — तेवढं एक मला नको आहे हो. दाखवलं नाही तोवर तो हेअरबँडच आहे. असं नका बघू आरशातून. तुम्हाला मुलं आहेत? मग.

हे बघा, मागून आरसा धरते, बघून घ्या ती जागा, एवढीशी तर — अगं ठमी, आलीस? आज लवकर कशी सुटली शाळा? ये. दप्तर ठेव तिकडे. नाही गं, रडत नाहीये, केस गेला डोळ्यात. इकडे ये, उजेडात. तो बँड काढ जरा. काढ म्हणते ना. रागावले नाही, बघायचंय मला नीट, कानामागे एक —

काय म्हणालीस?

कधीपासून? आणि तूच केस पुढे ओढून घेत होतीस? मी घाबरेन म्हणून?

ताई, उठता का जरा. तिला बसू दे तिथं. तुमचे केस झालेत, खांद्यावरचे घरी झटका. आणि जाताना बाहेरच्या बाईंना सांगा, आज आता मी कुणाचं घेत नाही. दार ओढून घ्या.