दोन पाकळ्या एकदम पडल्या

रेवा, आणि तुझ्याबरोबर तुझा भाऊ नील, दोघांनाही सांगते. मी बोलतेय आणि तुमची मावशी लिहून घेतेय. परवा रेवाने फोनवर विचारलं, आजी, पाण्याचं नियोजन हा विषय मी विद्यापीठात घेतलाय खरा, पण काही कळत नाही, तुला कळत होतं का? त्याचं उत्तर आता देते.

माझा जन्म तोंडवलीचा, वडील मासे धरायला होडी घेऊन जायचे. समुद्र दारात आणि पावसाळ्यात तर अंगणातून पाणी वाहायचं, पण वैशाख आला की विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरायचं. एवढं पाणी जातं कुठे, असं मी लहानपणापासून विचारत होते आणि कोणी सांगत नव्हतं, म्हणून मालवणात मॅट्रिक झाल्यावर हट्टाने पुण्याला इंजिनीअरिंगला गेले, ती साठच्या दशकाची सुरुवात. आमची आते तर म्हणाली, पाणी शेंदूक कॉलेज कित्याक व्हया गो? हय ये, मी शिकयतंय फुकट.

आणि काय सांगू तुम्हाला, तिथे जाऊन गोंधळ वाढलाच. मास्तर शिकवायचे घाटावरच्या नद्या, मोठी धरणं, कालवे, मैलोगणती सपाट शेतं. माझ्या डोळ्यांपुढे आमचा वहाळ, जो डोंगरातून निघून दुपारपर्यंत समुद्राला मिळतो. त्याला कुठल्या धड्यात बसवायचं? परीक्षेत पास व्हायचे, पण मनात म्हणायचे, मला काहीच कळलेलं नाही.

शेवटचं वर्ष राहिलं होतं, त्या सुट्टीत वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. माणसं चांगली, पण लग्न लगेच हवं, म्हणजे शिक्षण सुटलं. आई म्हणाली लग्न. वडील म्हणाले, देवाक विचारूया. आमच्याकडे तसंच असतं, होडी घ्यायची की विहीर खणायची, गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतो, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, त्याला कौल म्हणतात. गुरवाने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला विनवलं, चेडू पुण्याक परत जाऊचा काय नाय ता सांग रे देवा.

देवळात बसलो. पाकळ्या पडेनात. मी पाणी शिकलेली, मला दिसत होतं की ओल सुकली की पाकळी सुटणार आणि गाभाऱ्यातल्या दमट हवेत ती लवकर सुकणार नाही. एवढं सगळं कळत होतं, पण कुठली पडावी असं मला वाटतंय तेच कळत नव्हतं. उजवीकडे बघितलं की आईचा चेहरा आठवायचा, डावीकडे बघितलं की पुण्याला राहिलेली पुस्तकं आठवायची.

आणि दोन्ही एकदम पडल्या. गुरव बघतच राहिला, म्हणाला, असा कधी झाला नाय, देवाकच कळना नाय वाटता! वडील माझ्याकडे वळले. देवाक कळना नाय तर माका खंय कळतला? तुका काय व्हया ता तूच सांग गो बाय. मी खरं तेच बोलले, माका ठाऊक नाय. वडील म्हणाले, मग पाणी शिकान तुका काय कळला ता तरी सांग. मी म्हटलं, ता पण माका ठाऊक नाय. तेव्हा ते हसले, होडीवरचा माणूस, मोठ्याने हसायचा. म्हणाले, कायच ठाऊक नाय मा? मग जा, शीक. अर्ध्यार सोडून कित्याक येतंस?

वेंगुर्ल्याच्या मंडळींनी दुसरी मुलगी केली. आई वर्षभर माझ्याशी तुटक बोलली. मी शिकले, पुढे नोकरी केली, आमचा जांभा दगड पाणी झिरपवून समुद्राला कसं देऊन टाकतो ते समजलं, पण ते धरून कसं ठेवायचं ते अजून पुरतं समजलेलं नाही. त्या पाकळ्या कशा पडल्या, तेही नाही.

तेव्हा रेवा, कळत नाही म्हणून सोडू नकोस, बाळा, सुखी राहा. तोंडवलीची विहीर अजून आहे. वैशाखात तळाला जाते, पण पाणी गोड आहे.