पांढऱ्या दगडाला शेंदूर

ऐका हो ऐका, पांढुर्ण्याच्या समस्त नागरिकांना कळविण्यात येते की आपल्या गावात एक गोरा शिपाई मुक्कामाला आहे, इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या लढाईपासून तो चर्चमागच्या कबरस्तानात झोपून आहे, तरी कोणी घाबरू नये. ऑटोवर भोंगा बांधून मी असाच बोलतो, काय सांगू तुमाले, गावात मयत असो का साड्यांचा सेल, आवाज माझाच. जन्म नदीपल्याड सावरगावचा, सासुरवाडी पांढुर्ण्याची, म्हणून पोळ्यानंतर दोन्ही गावं नदीच्या काठांवरून एकमेकांवर दगड मारतात त्या गोटमारीच्या दिवशी मी कोणाकडूनच नसतो, घरात दार लावून बसतो.

भोंग्याच्या जोडीला पाट्या रंगवतो. मागच्या हिवाळ्यात चर्चच्या फादरनं बोलावलं, म्हणे आत सैनिकाची कबर आहे अशी पाटी फाटकावर पाहिजे, नागपूरहून अशा कबरींची देखरेख करणारे साहेब पाहायला येणार हायेत. मी पाटी रंगवून राहिलो होतो न माझी वहिनी डबा घेऊन आली. मोठ्या भावाची बायको, भाऊ नाही आता. तिचा एकुलता राजू फौजेत होता, बर्फात गेला. पेटी आली तर सोबतचे जवान म्हणे, माँजी, उघडता येत नाही. वहिनी म्हणे, बाप्पा, चेहरा नका दाखवू, पायाचं बोट तरी पाहू द्या. नाही म्हणजे नाही. पेटीसकट सरणावर ठेवली, राख जाम नदीत सोडली, न झालं. तेव्हापासून ती मले विचारते, भाऊजी, राजूच होता न त्यात. मी एवढा बोलघेवडा, पण तिथं माझा भोंगा बंद.

तर डबा ठेवून ती आत कबरीपाशी गेली, म्हणे, दगडावर काय लिहिलं हाये, वाचा. मी वाचलं, नाव, पलटण, वय एकवीस. राजूएवढाच, म्हणे, याची माय येते का कधी. म्हटलं, वहिनी, ती समुद्रापल्याडची, न आता जिवंत तरी कुठून असणार.

साहेब यायच्या सकाळी जाऊन पाहतो तर पांढऱ्या दगडाले वरून खालपर्यंत तेलात कालवलेला शेंदूर, पुढं नारळ न दिवा. आपल्याकडं शेताच्या धुऱ्यावर लढाईत मेलेल्या पूर्वजाचा दगड असते, त्याले लावतात न, तसाच. मी तारपीन घेऊन घासून राहिलो, घासून राहिलो, दगड नवरीच्या गालासारखा गुलाबी झाला, तेवढ्यात गाडी आली. साहेब दगडाकडं पाहून राहिले, फादर माझ्याकडं, मी माझ्या लालेलाल हातांकडं. म्हटलं, साहेब, इकडं वानरं लय हायेत.

दगड अजून थोडा गुलाबीच हाये. साहेबांनी तक्रार काही लिहून नेली नाही, फादर फाटकाले कुलूप घालत नाहीत, वहिनी जाऊन बसते, तिले सुखी ठेव देवा. त्या दिवशी ती माझ्या मागंच उभी होती, तिचीही बोटं शेंदरानं लाल. फादरनं हळूच विचारलं, बाई, हा तुमचा कोण लागतो. तिच्या तोंडून निघून गेलं, कोणीच नाही जी, पण याच्या खाली कोण हाये ते तरी माहीत हाये.